ओलं फडकं

आम्ही गावोगावच्या शाळांत मुलांना आणि शिक्षकांना मातीकाम शिकवायला जातो. मातीची बादली एकच, त्यामुळे शेवटी प्रत्येकानं आपली वस्तू मोडून माती परत द्यायची. मुलांना त्याचं काही वाटत नाही. बैल, चुली, मोटारी हसत-खिदळत बादलीत पडतात. ‘केलेलं सोडून देता आलं पाहिजे,’ असं मीही दरवेळी ऐटीत सांगतो.

काल चौथीच्या बाई मुलांमध्येच मांडी घालून बसल्या होत्या. त्यांनी कुशीवर झोपलेलं, तळहातावर मावेल एवढं बाळ केलं होतं.

“बाई, हे कुणाचं बाळ?” शेजारच्या मुलीनं विचारलं.

“माझं. आज असतं, तर तुमच्याच ओळीत बसलं असतं.”

तेवढ्यात बादली त्यांच्यापर्यंत आली.

“राहू द्या तुमच्याकडे,” मी म्हणालो.

“नको. मुलांनी दिलं ना सगळ्यांनी.”

सोडून द्या म्हणणं किती सोपं असतं, आपलं काही गेलेलं नसलं की! माझं ते नेहमीचं वाक्य काल मला उच्चारवेना.

बाईंनी बाळ मोडलं नाही. बादलीतल्या मातीवर अलगद निजवलं. माती सुकू नये म्हणून आम्ही वर ओलं फडकं घालतो. ते त्यांनी त्याच्या गळ्यापर्यंत ओढलं आणि कडेनं नीट खोचलं.

आज दुसऱ्या गावच्या शाळेत मुलं हात पुढे करून बसली आहेत. मी अजून फडकं काढलेलं नाही.