अठरा शाफ्टचा दावा

मधुकरशेठला मी पाठवलेल्या वकिली नोटिशीचं उत्तर आलं तेव्हा सलीम मिस्त्री माझ्या यवतमाळच्या ऑफिसात समोरच बसला होता. मी त्याला वाचून दाखवलं, "सदर इसमाने आमच्या अशिलाच्या जिनिंगमध्ये कधीही, कोणतेही काम केलेले नाही." सलीमला आधी हसूच आलं.

"शेठ मले नावानं हाक मारते, बाई. मी सदर इसम कवा झालो?"

मधुकरशेठची राळेगावकडे जिनिंग होती. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना. तिथल्या मशीनचे रोलर फिरून फिरून झिजतात. सलीम त्यांचे शाफ्ट, म्हणजे मधले लोखंडी दांडे, आपल्या लेथवर, म्हणजे कातकामाच्या मशीनवर, चढवून नीट करून द्यायचा. अशा अठरा शाफ्टची मजुरी शेठनं लटकवून ठेवली होती. इकडे सलीमची लेथ फायनान्सवर. हप्ते थकलेले, आणि फायनान्सवाले बजावून गेलेले की दसऱ्यापर्यंत पैसे भरा, नाहीतर मशीन उचलतो. लेथ गेली की वर्कशॉप म्हणजे नुसतं टिनाचं शेड.

ती कापसाची वाईट वर्षं होती. ज्यांचं खरंच वाटोळं झालं त्यांच्याबद्दल मी इथे थट्टेचा शब्द काढणार नाही. पण त्यांच्या आडोशाला उभं राहून स्वतःची देणी बुडवणारेही पुष्कळ होते. मधुकरशेठ त्यांत पुढे. मजुरी मागितली की भाव पडला. हमाली मागितली की भाव पडला. त्याच वर्षी दारात नवी गाडी आली, त्या दिवशी भाव बहुतेक सुट्टीवर असावा.

वसुलीच्या दाव्यात पहिला प्रश्न एकच असतो, कागद काय आहे? बिल नव्हतं. चलान नव्हतं. निदान माल पोचल्याची सही?

"शेठले सही मांगू? त्यायच्या पोरीच्या लग्नात मी पंगतीत वाढलं, बाई."

अशा वेळी मला डोकं भिंतीवर आपटावंसं वाटतं. आमच्याकडे ओळखीच्या माणसाला कागद मागणं म्हणजे त्याचा अपमान. मग व्यवहार बिघडला की हीच ओळखीची मंडळी वकिलाकडे रिकाम्या हातानं येतात आणि बाई बघून घेतील म्हणतात. मी सलीमला चांगलं झापलं.

झापून झाल्यावर विचारलं, "तुमचं काम तुम्हाला तरी ओळखू येतं का?"

तो म्हणाला, येते ना. शाफ्टच्या डाव्या टोकाला, बेअरिंगच्या अलीकडे, तो तीन टिंबांचा ठप्पा मारायचा. अब्बांपासूनची पद्धत. काम खराब होऊन परत आलं तर ते आपलं की दुसऱ्याचं हे कळावं म्हणून. आधी काहून नाही सांगितलं, असं मी ओरडले. तर म्हणाला, तुमी कागद मांगून राह्यल्या होत्या.

दावा लावला आणि सोबत कोर्ट कमिशनरसाठी अर्ज दिला. कोर्ट कमिशनर म्हणजे जागेवर जाऊन, डोळ्यांनी बघून, रिपोर्ट लिहिणारा वकील. कोर्टाला बसल्या जागी शाफ्ट दिसत नाही. सीझन सुरू झाला की मशीन बंद मिळणार नाही, म्हणून अर्ज लवकर मंजूर झाला. पण ठप्पा कसा आहे, नेमका कुठे आहे, सगळं त्यात लिहावं लागलं होतं. आणि नियमाप्रमाणे अर्जाची कॉपी शेठच्या वकिलालाही द्यावी लागली होती.

"म्हंजे चोराले तिजोरीची जागा सांगून राह्यलो आपण," सलीम म्हणाला.

मी त्याच्यावर डाफरले. खरं तर मलाही तीच धास्ती होती.

ठरलेल्या दिवशी आम्ही जिनिंगमध्ये पोचलो. शेठ भलताच प्रसन्न दिसला. पहिल्या मशीनचं कव्हर काढलं. डाव्या टोकाला ठप्पा नव्हता. ग्राइंडर फिरवून जागा चकाचक केलेली. दुसऱ्यावर तेच. तिसऱ्यावर तेच. बाकी सगळा शाफ्ट ऑइल आणि रुईच्या बुरानं काळा, आणि तेवढीच बोटभर जागा चमकत होती. शेठ कमिशनरला म्हणाला, "पहा साहेब, कुठी हाय ठप्पा?"

सलीम तिथेच जमिनीवर बसला. मला त्याच्याकडे बघवेना. पण रिपोर्ट तर व्हायलाच हवा होता. मी कमिशनरला म्हटलं, घासलेला प्रत्येक शाफ्ट मोजून लिहा. शेठ म्हणाला, तो तर मेंटेनन्स आहे. मग तेही लिहा म्हटलं.

मोजणी अठरावर थांबायला हवी होती. ती तेवीसवर थांबली. नागपूरहून करून आणलेले बाकीचे शाफ्ट तसेच होते, त्यांना कुणी फडकंही लावलं नव्हतं. सलीम उठला, पुन्हा एकदा सगळे बघून आला आणि माझ्या कानाशी लागला.

"बाई, मागच्या दिवाळीनंतर पाच आले होते. त्यायचीबी मजुरी नाही भेटली. मी त इसरूनच गेलतो."

शेठला ठप्पे पुसायचे होते. कोणते पुसायचे हे कळायला आधी ते शोधावे लागले. त्यानं कसून शोधले, एकही सोडला नाही. मी इतक्या वर्षांत इतका काटेकोर प्रतिवादी पाहिला नाही.

रिपोर्ट कोर्टात गेला. ते पाच शाफ्टही दाव्याच्या तीन वर्षांच्या मुदतीत बसत होते, म्हणून दावा वाढवायचा अर्ज मी दुसऱ्याच दिवशी टाकला. पुढच्या तारखेच्या आत शेठच्या वकिलाचा तडजोडीसाठी फोन आला. अठराचं देतो म्हणाले. मी ऐकून घेतलं नाही. शेवटी तेवीसची मजुरी, व्याज आणि दाव्याचा खर्च, सगळं डीडीनं आलं. डीडी घेऊन सलीम थेट फायनान्सच्या ऑफिसात गेला. लेथ जागेवर राहिली.

कागद नाही म्हणून रडत येणाऱ्या अशिलाला मी अजूनही झापते. पण आता हाकलून देत नाही. समोरचा लबाड असेल तर अर्धा पुरावा तोच तयार करून ठेवतो. आपण फक्त मोजायच्या दिवशी तिथे हजर राहावं.