गौरीच्या साडीखालची जीन्स

दहावीतल्या लेकीला गणपतीत एकच ड्रेस घ्यायचा, तोही दीड हजाराच्या आत, हे माझ्या नवऱ्यानेच ठरवलं. "तूच सांग तिला, तुझं ऐकते ती," म्हणाला. मी मूर्खासारखं सांगितलं. आठवडाभर पोरगी माझ्याशी धड बोलली नाही.

गौरीला नेसवायची साडी मी दरवर्षी ऐन आदल्या दिवशी काढते. यंदा इस्त्रीला द्यायची म्हणून चार दिवस आधीच ट्रंक उघडली. साडीखाली चार हजारांची कोरी जीन्स निघाली.

लेकीला हाक मारली. जीन्स बघून ती जराही दचकली नाही.

"पप्पांनी आणली. मम्मी कंजूष आहे, तिला कळू देऊ नकोस, असं तेच म्हणाले."