न पाहिलेला नळ

मंगळवार, १६ मे २०२३. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी कर्जतला माझ्या दारात करवंदांची पाटी उतरली. कोंडाण्याच्या वरच्या वाडीतील एक बाई दर उन्हाळ्यात मला करवंदे देते. त्या दिवशी तिने माप काढले नाही. पाटीतून वर्तमानपत्राचे एक पान काढून माझ्यापुढे धरले. पान आठ दिवसांपूर्वीचे होते. बातमी माझी होती.

"बाबा, यात काय लिवलंय? वाचून दावा."

मी वाचले. वाडीच्या नळयोजनेचे उद्घाटन झाले, नळाला पाणी आले, ग्रामस्थांच्या चेहऱ्यावर समाधान दिसत होते.

"माजा चेहरा तुमी कदी बगितला वं?" ती म्हणाली. "नळाला वारा पन येत नाय. टँकरवाला सांगतो, पेपरात पानी आलंय, आता टँकर बंद. मंग त्या पेपरातलंच दोन हंडं भरून द्या."

टँकर बंद होऊन चार दिवस झाले होते. वाडी ओढ्याच्या वाळूत खणलेल्या डवऱ्याचे गढूळ पाणी पीत होती. दोन मुलांना जुलाब लागले होते. त्यांतील एक तिचा नातू. आदल्या संध्याकाळी तिने त्याला खाली आणले होते आणि तो दवाखान्यात सलाइनवर होता. दुसरे मूल वरच होते.

आमच्या कामातील एक रीत येथे सांगणे भाग आहे. मी अडतीस वर्षे जिल्ह्याच्या एका दैनिकाचा वार्ताहर आहे. पान संध्याकाळी सहाला बंद होते. पाहुणे उशिरा येतात. म्हणून समारंभाचे प्रसिद्धीपत्रक आदल्या दिवशीच येते आणि ते भूतकाळात लिहिलेले असते. आम्ही पहिले वाक्य बदलतो, आपले नाव घालतो आणि पाठवतो. वाचक अंक उघडेपर्यंत सगळे घडलेले असणारच, असे आम्ही धरून चालतो. याला खोटे म्हणावे असे मला कधी वाटले नव्हते. या वेळीही फीत कापली गेली, फक्त अंक निघाल्यानंतर. डोंगराखाली, रस्त्यावरच्या फलकापाशी. वर कोणी चढले नाही. माझा गुडघा दुखत होता, हे खरे. पण मी रस्त्यावरही नव्हतो. त्या वेळी मी घरी बसून माझीच छापून आलेली बातमी वाचत होतो.

मी पायांत चपला घातल्या. बाई दवाखान्यात गेली. नाक्यावरच्या रिक्षावाल्याला मी कोंडाणे सांगितले.

"लेणी बगाय चाललाव का, बाबा?"

"वाडीतला नळ पाहायला."

"नळ?" त्याने मान मागे वळवली. "तुमी जातीनं चढून बगनार? म्हंजी बातमी लय मोठी दिसते."

पूर्वी गावातला वाद 'पेपरात आलंय' एवढे म्हटले की मिटत असे. हल्ली तेच शब्द लोक हसून म्हणतात. हा बदल कधी झाला, याची बातमी मात्र आमच्यापैकी कोणी दिली नाही.

चढायला सव्वा तास लागला. नळ वाडीच्या तोंडाशीच होता. चकचकीत, सिमेंटच्या ओट्यावर. मी तोटी फिरवली. काही आले नाही. वाकून पाहिले, तर कुंभारीण माशीने नळाच्या तोंडात मातीचे घर बांधले होते. घर वाळून कडक झाले होते. मी ते फोडले नाही. शेजारच्या झोपडीत दुसरे मूल आईच्या मांडीवर निपचित पडले होते. त्याला आजच खाली न्या, असे मी तिला सांगितले आणि माझी पाण्याची बाटली तिथे ठेवली. मुलाला घेऊन ती माझ्याबरोबर डोंगर उतरली आणि खाली थांबलेल्या माझ्याच रिक्षातून दवाखान्यात आली.

दीड वाजता संपादकांना फोन केला. ते माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहेत.

"सर, दुरुस्ती? योजनावाल्यांकडून खुलासा आलाय का?"

"चूक माझी आहे. खुलासा मीच देतो."

"तसं नसतं, सर. उद्या जागा नाही. शुक्रवारी बघू."

शुक्रवारपर्यंत तीन दिवस होते. टँकर ज्या कार्यालयातून सुटतात तिथे मी तीन वाजता पोहोचलो. कारकुनाने फाइल काढली. माझी बातमी डिंकाने नीट चिकटवलेली होती. खाली लाल शाईत लिहिले होते: टँकरची गरज उरली नाही.

"काका, तुमच्याच बातमीवर बंद केला," तो म्हणाला. "आमचा माणूस वर गेला नव्हता. तुम्ही लिहिलंय म्हणजे तुम्ही गेला असणार, असं धरलं."

मी त्यांच्या प्रसिद्धीपत्रकावर विश्वास ठेवला होता, त्यांनी माझ्या बातमीवर.

कोरा कागद मागून मी लिहिले: सदर बातमी मी प्रत्यक्ष न पाहता दिली. आज नळ पाहिला. पाणी नाही. सही केली.

"हे आवक नोंदवहीत चढवलं तर तुमच्या पेपरला कळणार."

"कळू द्या. शिक्का मारा."

त्याने शिक्का मारला. मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेबांची सही घेतो. टँकर उद्या सकाळी सुटेल. फक्त एक करा. वाडीचा टँकर पूर्ववत सुरू, एवढं आजच पाठवा. उद्या छापून आलं की मग कोणी अडवणार नाही."

चार वाजून चाळीस मिनिटे झाली होती. या दोन ओळींना संपादकांनी आनंदाने जागा दिली असती. न पाठवल्यास टँकर अडू शकत होता आणि तो माझ्यामुळे अडला असता. घड्याळ पुन्हा पाहिले.

"टँकर पाहिला की लिहीन," मी म्हणालो.

"इतकी वर्षं नाही पाहिलंत. आता नेमकं उद्याच पाहायचंय?"

"होय."

त्याने फाइल मिटली. सही झाली की नाही, हे मला कळले नाही.

दवाखान्यात दोन्ही मुले एकाच खाटेवर होती. बाईला मी झाले ते सांगितले.

"येल का टँकर?"

"माहीत नाही. उद्या सकाळी सहा वाजता मी डोंगराखाली रस्त्यावर थांबतो. आला नाही तर तेही लिहीन."

"छापतील?"

"तेही माहीत नाही."

"आज बाबा खरं बोलाय लागलं," ती शेजारच्या खाटेवरच्या बाईला म्हणाली.

घरी येऊन वीस-वीस लिटरचे दोन कॅन घासले, भरले आणि वाडीसाठी दारात ठेवले. रिक्षावाल्याला पहाटे पाचची वेळ दिली. त्यानंतर साडेचारचा गजर लावला.