एक सूत कमी

कोणाच्याही घरी गेले की आमच्या शेजारचे काकाजी आधी बसत नसत. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरत, हलवून बघत, आणि घरच्या माणसाकडे असं पाहत की त्याला आपली चोरी पकडली गेल्यासारखं वाटावं. "हालून राहिली ना जी हे," एवढंच म्हणत. मग बसत, चहा घेत. पण त्यांचं लक्ष चहात नसे, खुर्चीच्या चार पायांत असे.

माझा टीपॉय असाच गेला. अकोल्याला आमच्या कॉलनीत त्यांचं घर आमच्या भिंतीला लागून. मी शाळेत शिकवते. घरी टीपॉयवर वह्या तपासते, आणि तो जरासा डुगडुगतो याची मला वीस वर्षांत कधी अडचण झाली नव्हती. त्यांना झाली. एका रविवारी सकाळी करवत घेऊन दारात हजर. एक पाय एक सूत कापला, मग दुसरा उंच वाटला म्हणून तो कापला, मग तिसरा. दुपारपर्यंत टीपॉय पक्का बसला खरा, पण आता त्यावर वह्या तपासायच्या तर खाली मांडी घालून बसावं लागे. माझं डोकं असं तापलं होतं! पण ते इतके खूश होते की बोलणार काय, कप्पाळ? "पाहा मॅडम, आता हालते का?" नाही हालत काकाजी, म्हटलं.

सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांचं माप. काकाजी सुतार नव्हते. जन्मभर सरकारी कचेरीत कारकुनी केली आणि निवृत्त झाल्यावर मोबाईलवर व्हिडिओ पाहून पाहून हा नाद लावून घेतला. कोणाचं जुनं घर पाडलं की तिथून सागवानी चौकटी उचलून आणायच्या आणि अंगणात रंधा मारत बसायचं. तुळशीपाशी बाकडं केलं, कपडे वाळवायची घोडी केली, गच्चीवर जायला शिडी केली. शिडीची शेवटची पायरी गच्चीच्या बरीच खाली राहिली, ती गोष्ट वेगळी. काही बिघडलं की म्हणायचे, "एका सुताचा तर खेळ आहे."

तुम्हीआम्ही काय करतो? डुगडुगणाऱ्या पायाखाली पुठ्ठा सरकवतो नि मोकळे होतो. त्यांना ते चालत नसे. पुठ्ठा म्हणजे त्यांच्या लेखी लबाडी. लाकूड नीट कापलं तर टेकू कशाला लागतो, असं त्यांचं म्हणणं.

मग काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. जीव वाचला, बोलणंही हळूहळू परतलं, काठी घेऊन चार पावलं टाकता येऊ लागली. पण बसल्या जागेवरून उठता येईना. दोघांनी काखेत हात घालून उचलायचं. याचा त्यांना इतका राग यायचा! पातूरची लेक, सगळ्या कॉलनीच्या पापडाचं पीठ एकटीनं मळणारी बाई. कोणी उचलू नये म्हणून त्या दिवसभर पाणी पिईनात. मी रागावले तर म्हणाल्या, "मले एकच पाह्यजे वो बाई. माह्यं मले उठता आलं पाह्यजे. बाकी काही नाई मांगत मी देवाले."

काकाजींनी ते ऐकलं आणि कामाला लागले. जुन्या स्टुलावर एकावर एक पाट ठेवून काकूंना बसवायचे आणि उठून पाहा म्हणायचे. नाही जमलं की आणखी एक पाट. चौथ्या दिवशी डाव्या हातावर जोर देऊन काकू एकदम उभ्या झाल्या, आणि आपण उभ्या आहोत हे कळल्यावर रडायला लागल्या. काकाजींनी टेप लावला. एकवीस इंच. पंधरा दिवसांत त्या मापाची खुर्ची तयार झाली. रुंद हात, मागे कललेली पाठ, सगळं जुनं सागवान. इतकी देखणी वस्तू त्यांच्या हातून आधी कधी झाली नव्हती.

रोज संध्याकाळी काकू अंगणात त्या खुर्चीवर बसू लागल्या. मन झालं की उठायच्या, दोन चकरा मारायच्या, परत बसायच्या. पाणी प्यायला लागल्या. मी फाटकातून दिसले की मुद्दाम उठून दाखवायच्या. माझ्यासाठी उभं राहणारं कोणी शाळेतही उरलं नाही, असं मी म्हणायची आणि त्या तोंडाला पदर लावून हसायच्या.

आता आपल्याकडची जमीन तुम्हाला ठाऊकच आहे. काळी माती. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसाळ्यात तीच फुगून वर येते. भिंती तडकतात, आषाढात दारं लागत नाहीत. अंगणातल्या फरशीची काय कथा? पहिल्याच पावसाळ्यात फरशी एकीकडून उचलली आणि खुर्ची हलायला लागली.

दोष जमिनीचा होता. पण काकाजींना हलणं सहन होणार कसं? त्यांनी एक पाय सूतभर कापला. दिवाळीनंतर माती बसली, खुर्ची पुन्हा हलली, दुसरा पाय कापला. उन्हाळ्यात भेगा पडल्या, पुन्हा करवत. पुढं तर दर महिन्याला, आणि टीपॉयसारखंच, एक कापला की दुसरा उंच, चारही पाय होईपर्यंत. काकू म्हणायच्या, "हालू द्या ना जी. पडून नाई राहिली मी." ते म्हणायचे, "तुले कशाले तरास पाह्यजे? एका सुताचा तर खेळ आहे." मी वरून गंमत केली. काकाजी, एक दिवस या खुर्चीचा पाट होईल बरं, असं मी म्हणाले. तिघंही हसलो. हसलो आणि विसरलो.

दुसरा पावसाळा संपता संपता एका संध्याकाळी काकूंना उठता येईना. मी तिथंच होते. त्यांनी एकदा जोर लावला, दोनदा लावला, कपाळावर घाम आला. तिसऱ्यांदा अर्ध्यात उठल्या आणि धपकन खाली बसल्या. मग अगदी शांतपणे म्हणाल्या, "गेले वाटते माहे पाय."

काकाजींचा चेहरा उतरला. काकूंना ते लेकीच्या नावानंच हाक मारत. म्हणाले, "हो, वर्षाचे माय. गेले." मीही म्हटलं, होतं काकू असं, वय झालं की. शहाणपण बघा माझं.

आम्ही दोघांनी काखेत हात घालून त्यांना उचललं. त्यानंतर त्या अंगणात आल्या नाहीत. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या, काकाजींनी पायांना तेल चोळलं, पण त्यांनी मनानंच हाय खाल्ली होती. पाणी पुन्हा तोडलं. थंडीत तापाचं निमित्त झालं आणि माघ संपायच्या आत काकू गेल्या.

तेरवीला अंगणात पंगती उठल्या, मी थकून त्या खुर्चीवर टेकले. पहिल्यांदाच. आणि उठायला गेले तर उठवेना. दोन्ही गुडघ्यांवर हात रोवून, कशीबशी उठले. समोर काकाजी उभे होते. त्यांनी पाहिलं.

"तुमाले बी जड गेलं?" त्यांनी विचारलं.

माझे गुडघे दुखतात अलीकडे, असं मी खोटंच सांगितलं. ते आत जाऊन टेप घेऊन आले, खाली उकिडवे बसले, माप लावलं. पुन्हा लावलं. चारही पायांना लावलं. सतरा इंच. केली होती एकवीस. टेप हातात धरून ते फरशीवरच बसले. वर्षा, त्यांची मुलगी, अमरावतीहून आली होती. ती धावत आली, काय झालं बाबा म्हणून विचारू लागली.

"पाय चांगले होते तिचे," ते म्हणाले. "थे म्हणे, गेले. मी बी हो म्हणलं."

वर्षाला काही उमगलं नाही. मला उमगलं. त्यांच्याएवढंच माझंही होतं ते 'हो'. तसं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. त्यांच्या दुःखात वाटेकरी व्हायलाही हिंमत लागते.

वर्षा त्यांना अमरावतीला घेऊन गेली. हत्यारं त्यांनी नेली नाहीत. शेजारच्या घराला कुलूप आहे.

गेल्या महिन्यात अमरावतीला एक लग्न होतं, म्हणून मी वर्षाकडे डोकावले. फ्लॅटच्या खाली चार म्हातारे बसले होते, त्यांत काकाजी. खूप वाळलेत. मला ओळखलं, जेवून जा म्हणाले, आणि काही विषय नसताना मधेच त्या लोकांना सांगू लागले, "आमच्या घरच्या बाईचे पाय शेवटपर्यंत चांगले होते. खुर्ची बुटकी होती." बाकीच्यांनी एकमेकांकडे पाहिलं. हे रोजचंच असावं. वर्षा म्हणाली की दूधवाल्याला सांगतात, लिफ्टमध्ये भेटेल त्याला सांगतात.

मी निघाले तेव्हा त्यांतले एक गृहस्थ फाटकापर्यंत आले. म्हणाले, "तुमी या भाऊच्या शेजारच्या ना? मंग एक विचारतो. लकवा होता म्हणते पोरगी. हे भाऊ तं म्हणते, पाय चांगले होते. आमी काय समजाचं?"

मागे वळून पाहिलं. काकाजी मान वर करून आमच्याकडेच बघत होते.

त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं मी म्हटलं, "चांगले होते. मी रोज पाहत होते."