भाऊसाहेबांचं झोपेचं मशीन

आमच्या पिंपळगावच्या पॅकहाऊसमधून द्राक्षं जातात, कांदे जातात, किस्से मात्र इथेच साठतात. कुठला आधी सांगावा, इथूनच माझा घोळ! सध्या टेम्पो ड्रायव्हर भाऊसाहेबांचं मशीन जोरात आहे, तेच सांगतो.

भाऊसाहेब भर दुपारी स्टेअरिंगवर पेंगायला लागले. शेठनी टेम्पोची चावी काढून घेतली आणि माझ्यासोबत त्यांना नाशिकला धाडलं. तपासणीनंतर डॉक्टर म्हणाले, "झोपेत श्वास अडकतोय. माइल्ड आहे. पण दिवसा डुलक्या येतात, म्हणून मशीन लावू. मी सांगेपर्यंत गाडी बंद."

माइल्ड, आणि गाडी बंद? माझं डोकंच चालेना. पॅकहाऊसमध्ये मुकादमाने तोडगा काढला, "थोडंच हाय ना? मग इथं जवळच्या ओझरपर्यंतच चालवू द्या!"

सगळे हसले. भाऊसाहेबांनी फडकं उचललं. उभा जन्म टेम्पोवर गेलेला माणूस क्रेट पुसत बसला, ते बघून मलाच कसंतरी झालं.

* * *

मशीन घेताना भाऊसाहेबांनी मास्क लावला आणि विचारलं, "औषध कुठं टाकायचं?"

"औषध नाही. मशीन हवा सोडतं, त्या दाबाने गळा उघडा राहतो," डॉक्टर म्हणाले.

"नुसती हवा?" भाऊसाहेबांनी विचार केला. "मग किती भरायची? पुढच्या टायरएवढी का मागच्या?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

* * *

मशीनचा रोजचा वापर क्लिनिकला तिथे बसून दिसतो. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी क्लिनिकमधून मला फोन, "काल रात्री पेशंटने मशीन लावलं नाही का?"

मी भाऊसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, "लावणार कसं? बायकोने पूजेला बसवलं होतं. नळीला झेंडूची माळ, वर हळद-कुंकू. पूजेतलं हत्यार त्या दिवशी चालवत्यात व्हय?"

हे क्लिनिकला कसं सांगायचं? मी सांगितलं, "लाइट गेली होती."

* * *

मग फेरतपासणी. चावी मिळणार की नाही, ते आज ठरणार! भाऊसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले, सोबत बायको मंदावहिनी.

डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर मशीनचे आकडे उघडले. "वा! वापर एकदम छान. घोरणं कमी झालं का?"

"कमी? पार बंद!" वहिनी म्हणाल्या.

"दिवसा फ्रेश वाटतं?"

"लय!" हेही वहिनीच म्हणाल्या.

डॉक्टर खूश होऊन भाऊसाहेबांकडे वळले, तर ते खुर्चीतच पेंगत होते!

डॉक्टर बुचकळ्यात पडले. पुन्हा आकडे पाहिले, पुन्हा भाऊसाहेबांकडे पाहिलं. मी तर केव्हाच हरवलो होतो.

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाले. "प्रेशर वाढवून बघू."

वहिनी ताडकन उठल्या.

"नका हो डॉक्टर! मला एवढंच बरं पडतं!"