ठशांच्या दोन खोल्या

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. समुद्रावरून घरी आल्यावर चपलांत वाळू राहते, तसे ते राहून जातात. कितीही झटका, सकाळी थोडी निघतेच.

परवा लेकीकडे जेवताना मी पाण्याचा ग्लास उजेडात धरून बघत होते. जावई म्हणाले, "आई, स्वच्छ आहे हो!" आता त्यांना काय सांगू? ग्लासवर कुणाची बोटं उमटलीत ते बघायची सवय मला एकोणिसाव्या वर्षी लागली. ती काही जात नाही.

ऐंशीनंतरची गोष्ट. आमचा जिल्हा नवा नवा झाला होता. कचेऱ्यांना जागा मिळत नव्हती. बोटांचे ठसे तपासणाऱ्या युनिटला मालवणात बंदराजवळ एका जुन्या गोदामातल्या दोन खोल्या मिळाल्या. एका खोलीत सामंत साहेब. ते पुण्याचे, ठशांचे जाणकार, बोलणं एकदम शुद्ध. दुसऱ्या खोलीत गावडे हवालदार आणि मी. गावडे इथलेच. मी दहावी पास, टायपिंग शिकलेली, हंगामी कारकून. दुपारी चहा सांगायचा तो तीनच.

पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं, "सुलभाबाई, हे युनिट एक वर्षाच्या बोलीवर आहे. वर्षभरात निदान एक चोर निव्वळ ठशांवरून पकडून दाखवायचा. नाहीतर कुलूप."

म्हणजे माझ्या नोकरीलाही कुलूप! मी रोज सकाळी देवाला नमस्कार करताना म्हणायचे, "देवा, कुठेतरी चोरी होऊ दे." आईने एकदा ऐकलं आणि माझ्याकडे बघतच राहिली.

*

देवाने ऐकलं. कुणकेश्वरला एका घरात चोरी झाली. कपाट फोडलं होतं, पितळेची भांडी अस्ताव्यस्त. साहेब खूश! पितळेवर ठसा छान मिळतो. ब्रश, काळी पूड, भिंग, सगळं घेऊन आम्ही पहिल्या गाडीने निघालो.

पोचलो तर अंगण सारवलेलं, दारात रांगोळी. घरातल्या काकी पदर सावरत पुढे आल्या. "येवा, बसा."

साहेबांनी विचारलं, "काकी, चोराने हात लावलेली भांडी कुठे आहेत?"

काकींनी फळीकडे बोट दाखवलं. सगळी भांडी ओळीने मांडलेली आणि अशी लखलखत होती की डोळे दिपावेत.

"चिंचेन घासलंय," काकी म्हणाल्या. "कपाट पण पुसून काढलंय. तुमी पयल्यांदाच येतास, पावण्यांक काय तसला घर दाखवूचा?"

साहेबांनी एक तांब्या उचलून भिंग धरलं. त्यात एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती. साहेबांचं स्वतःचं तोंड!

*

त्यानंतर साहेबांनी जिल्ह्यातल्या सगळ्या ठाण्यांना पत्र पाठवलं. मीच टाइप केलं. 'घटनास्थळावरील वस्तूंस अन्य कोणाचाही हात लागू देऊ नये.'

खारेपाटणला एक दुकान फुटलं. चोराने जाता जाता सोडा पिऊन बाटली तिथेच ठेवली होती. ती आणायला गावडे गेले. संध्याकाळी आले ते घामाघूम. बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली, तान्ह्या पोराला धरतात तशी.

"साहेब, तीन एस्टी बदललंय. एकदा तर उभ्यान इलंय. पण बाटलेक दुसऱ्या कोणाचो हात लागूक दिलंय नाय!"

साहेबांनी बाटलीवर पूड मारली. सुरेख ठसे! दहाच्या दहा बोटं! असे स्वच्छ ठसे त्या खोलीत पुन्हा कधी आले नाहीत.  साहेबांनी शाईचं पॅड पुढे सरकवलं आणि गावड्यांना म्हणाले, "हात द्या."

अर्ध्या तासाने जुळणी पूर्ण झाली. आमच्या युनिटची पहिली यशस्वी जुळणी.

गावडे पुढे आठ दिवस माझ्यावरसुद्धा रुसून होते. मी डबा पुढे केला की म्हणायचे, "नको गो बाय, डब्याक माझे ठसे लागतले."

*

आता बाबीचं सांगते. आमचा सरकारी कॅमेरा खाऱ्या हवेने गंजून बसला. तेवढ्यात मालवणातच एका बंद घराच्या खिडकीच्या काचेवर अंगठ्याचा नामी ठसा सापडला. फोटो कोण काढणार? बाजारातला बाबी फोटोग्राफर! बाबी म्हणजे लग्नाच्या फोटोंचा राजा. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल चालवून तो नवरीच्या तोंडावरचे वांग, पुटकुळ्या सगळं घालवायचा. त्याच्या हातचा फोटो पाठवून कितीतरी मुलींची लग्नं जमली होती. माझासुद्धा एक फोटो त्याने काढलाय. माझी आई त्यात मला शोधत होती.

बाबीने ठशाचा फोटो काढला. काम झालं म्हणून घरमालकाने काच धुऊन घेतली. तिसऱ्या दिवशी बाबी आला. जाड पुठ्ठा, वर पातळ जाळीचा कागद, अगदी लग्नाच्या अल्बमसारखं. साहेबांनी कागद उचलला. आत एक मोठा, गोरापान, गुळगुळीत अंगठा!

"बाबी," साहेब म्हणाले, "यातल्या रेषा कुठे गेल्या?"

"रेघोच रेघो होत्यो वो साहेब! तीन तास बसान सगळ्यो काढून टाकलंय. आता बघा, कसो लोण्यासारखो दिसता!"

साहेबांनी जाळीचा कागद पुन्हा फोटोवर नीट अंथरला. मग म्हणाले, "बाबी, माझ्या लग्नात तुलाच बोलावीन."

बाबी खुशीत गेला. साहेबांच्या लग्नाला तेव्हा बारा वर्षं झाली होती.

*

दोडामार्गाच्या बाजूला एका देवळातून पितळेची घंटा गेली. शेजारच्या तेलकट समईवर पंजा उमटला होता. गावातल्या सगळ्या पुरुषांचे ठसे घ्यायचं ठरलं, पण गाव म्हणे, आधी कौल! देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी.

साहेब पक्के विज्ञानवाले. पण हात जोडून उभे राहिले. अर्धा तास, एक तास, पाकळी काही हलेना. साहेब माझ्या कानात म्हणाले, "गोंद जास्त लावलाय का हो?" मी म्हटलं, "साहेब, गप्प उभे रहा."

दोन तासांनी उजवी पाकळी पडली. गाव रांगेत उभा राहिला. कुणी कुरकुर नाही, देवानेच सांगितलं म्हटल्यावर! मी नावं लिहीत होते, गावडे बोटांना शाई लावत होते. शेवटी एक माणूस कमी भरला. कौल चालू असताना तो घंटा तिथेच गवतात टाकून पहिल्या गाडीने गोव्याला पळाला होता.

गावाने साहेबांना हार घातला. परत येताना गाडीत साहेब हार मांडीवर घेऊन बसले होते.

गावडे म्हणाले, "साहेब, चोर गावलो मां?"

"गावला. पण ठशांवरून नाही, पाकळीवरून. हे कागदावर कसं लिहू?"

*

शेवटची केस मार्च महिन्यातली. तिच्यानंतर तीन आठवड्यांत खोल्यांना कुलूप लागलं. ते आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी सांगावं लागणार नाही.

एका काजूच्या कारखान्याच्या मालकाच्या घरातून सोन्याच्या पाटल्या गेल्या. पाटल्यांचा पत्र्याचा डबा मागे राहिला होता, आणि त्यावर चार बोटं आणि अंगठा. स्पष्ट! भिंगाशिवाय दिसावेत असे. वर्ष संपायला तीन आठवडे होते. साहेबांनी भिंग दोनदा पुसून घेतलं.

मालकाचा संशय पारूकाकींवर. पारूकाकी त्यांच्या कारखान्यात वीस-बावीस वर्षं काजू फोडत होत्या आणि संध्याकाळी मालकाच्या घरी केर काढायला जायच्या. गावडे त्यांना घेऊन आले. मालकही मागोमाग आले आणि खुर्ची ओढून बसले.

पारूकाकी दारातच उभ्या राहिल्या. "माका कामावरसून काढलानी साहेब. वाडीतली पोरा माका बघून दार लावन घेतत. काय ता एकदा बघून सांगा."

साहेबांनी त्यांचा हात धरला, बोटांना शाई लावली आणि एकेक बोट कागदावर फिरवलं.

कागदावर दहा काळे डाग उठले. नुसते डाग. एकही रेषा नाही.

"हात धुऊन या," साहेब म्हणाले. काकी हात धुऊन आल्या. पुन्हा शाई, पुन्हा दहा डाग. तिसऱ्यांदाही तेच.

काजूच्या टरफलातलं तेल कातडी खातं. बायका हाताला राख लावतात, पण वीस वर्षांत राख किती पुरणार? पारूकाकींच्या बोटांवरच्या रेषा केव्हाच पुसल्या गेल्या होत्या, बाबीच्या पेन्सिलीशिवाय.

मालक म्हणाले, "बघा! ठसेसुद्धा ठेवले नाहीत. केवढी बिलंदर बाई!"

साहेब शांतपणे म्हणाले, "डब्यावर ठसे आहेत. हिच्या बोटांना नाहीत. आता तुमच्या घरातल्या सगळ्यांचे लागतील. उद्या सकाळी येतो."

मालकांचा चेहरा उतरला. "आमच्या घरचे? आम्ही काय चोर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघायच्या आधी मालकच अर्ज घेऊन आले. पाटल्या देवघरात सापडल्या, म्हणे. नजरचुकीने राहिल्या होत्या. तक्रार मागे. डबाही परत मागितला.

साहेबांनी डबा दिला.  ठशांवरून सुटेल अशी वर्षातली एकुलती एक केस त्या डब्याबरोबर पायऱ्या उतरून गेली होती.

दुपारी पारूकाकी आल्या. "साहेब, मालक सांगतत, 'ये कामाक.' पण वाडीत सांगूक माका कागद होयो. मी चोर नाय म्हणान. वाचूक माका येना नाय, पण दाखवीन."

साहेबांनी मला मजकूर सांगितला, मी टाइप केला. असा कागद द्यायची पद्धत नव्हती, पण मी विचारलं नाही. कागद मिळाल्याबद्दल आमच्या प्रतीवर पोचेची सही लागते. सही येत नसेल तर डाव्या हाताचा अंगठा, आणि खाली ओळख पटवणाऱ्याची सही.

पारूकाकींनी अंगठा टेकवला. एक काळा डाग उठला.

"साहेब, ह्यो चालात?" त्यांनी घाबरून विचारलं.

साहेबांनी सवयीने भिंग उचललं आणि डागावर धरलं. वर्षभर त्यांनी एक रेषा कमी पडली तरी ठसा बाद केला होता. पुण्याहून आलेल्या मोठ्या साहेबांशीसुद्धा त्यावरून भांडले होते.  आता त्यांनी भिंग खाली ठेवलं, पेन घेतलं आणि सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'सदर ठसा पार्वती यांचाच आहे. मी ओळखतो.' सही केली. शिक्का मारला.

गावडे वाकून बघत होते. न राहवून म्हणाले, "साहेब, पण कशावरून?"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.

"गावडे, चहा सांगा. आज चार."