आधी अंगठा, मग सही

निकालाच्या दिवशी बाकीच्या आयांपुढे मुलाचे वर्गशिक्षक पेन ठेवायचे आणि माझ्यापुढे शाईचा पॅड सरकवायचे. सही येते का, असं त्यांनी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी उत्तर तेच होतं म्हणा, पण माणूस विचारतो. माझा अंगठा निळा होईपर्यंत मुलगा खिडकीबाहेर बघत उभा राहायचा आणि घरी येताना माझ्या पुढे पुढे चालायचा. एकदा मी चिडून विचारलं, लाज वाटते का रे माझी? तो म्हणाला, "तुझी नाही, अंगठ्याची." जसा काही अंगठा मी शेजारणीकडून मागून आणला होता.

म्हणून मी शनिवारच्या वर्गाला जायला लागले. विक्रोळीतल्या आमच्या वस्तीच्या शाळेने, म्हणजे मुलाच्याच शाळेने, पालकांसाठी दुपारचा वर्ग काढला होता. मी पोळीभाजी केंद्रात चपात्या लाटते. सकाळचं काम उरकून, पिठाचे हात धुऊन मी पहिलीच्या बाकावर बसायचे. ते बाक लहान मुलांचे, त्यात आम्ही आडव्यातिडव्या बायका. शिकवणाऱ्या बाई मुलुंडहून यायच्या. पोरगी माझ्या धाकट्या बहिणीपेक्षा लहान, पण आमच्याशी बोलायची ते बालवाडीतल्यासारखं. अक्षर जमलं की मनगटावर पेनाने चांदणी काढायची आणि म्हणायची, शाब्बास, शहाणी बाय माझी. मला तिच्या कानाखाली एक द्यावीशी वाटायची. पण मला सही हवी होती, म्हणून मी मनगट पुढे करायचे.

माझं नाव सोपं आहे. नवऱ्याच्या नावात जोडाक्षर आहे, आणि माणूसही तसाच, सरळ कधी उलगडला नाही. त्या एका अक्षराने माझा सगळा पावसाळा खाल्ला. लाटणं हातात घेतलं की चपाती आपोआप गोल होते, पेन धरलं की बोटं लाकडाची. तरी दसऱ्यापर्यंत पूर्ण नाव यायला लागलं. सावकाश यायचं, पण माझं मला यायचं. घरी मी कुणाला दाखवलं नाही. वर्गाचा कार्यक्रम व्हायचा होता, मोठे पाहुणे येणार होते, आणि वरच्या वर्गातल्या मुलांना समोर सतरंजीवर बसवणार होते. मुलाने मला तिथे सही करताना बघावं, एवढीच माझी इच्छा होती.

कार्यक्रमाच्या दिवशी मी लग्नातली साडी नेसून गेले. बाईंनी मला बाजूला घेतलं. पाहुण्यांना पुढे घाटकोपरला दुसरा कार्यक्रम आहे, वेळ कमी आहे, म्हणाल्या. आधी अंगठा, मग सही, असं स्टेजवर दाखवायचं ठरलं होतं. सही एक दहावी झालेली बाई करणार होती. ती वर्गाला फक्त इंग्रजीसाठी यायची. तिचा हात झरझर चालायचा.

"अंगठा तुम्ही द्या," बाई म्हणाल्या. "तुमचा खरा वाटतो."

मी म्हटलं, मला सही येते, तुम्हीच शिकवलीत. त्यांनी माझा खांदा थोपटला. नंतर सगळ्याजणी मोठ्या कागदावर एकेक करून सही करणार आहेत, सगळ्यात पहिला नंबर तुमचा, असं कबूल केलं. मी अडाणी नव्हते, पण आशेला लागले होते, आणि आशेला लागलेलं माणूस अडाण्याहून वाईट.

मी अंगठा दिला. माइकवर बाई म्हणाल्या, कालपर्यंत आपल्या आया अशा होत्या. मग दहावीवालीने तीन फटक्यांत सही केली आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. पाहुण्यांनी तिच्याबरोबर फोटो काढला, नारळ घेतला आणि ते गाडीत बसले. मोठा कागद मुलांनी गुंडाळूनही टाकला. मी निळा अंगठा मुठीत धरून स्टेजच्या कडेला उभी होते. समोर पोरं माझ्या मुलाला कोपराने ढोसत होती. पुढच्या महिन्यात बाई दुसऱ्या वस्तीत शिकवायला गेल्या आणि वर्ग बंद पडला.

सहामाहीचं प्रगतिपुस्तक या वेळी सहीसाठी घरी आलं. मी मुलाच्या समोर बसून पूर्ण नाव लिहिलं, नवऱ्याच्या जोडाक्षरासकट. त्याने बघितलं, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत बघितलं. मग म्हणाला, "अंगठा द्यायचा होतास ना. सगळ्या शाळेने तुझा अंगठा बघितलाय. आता सर म्हणणार, सही मीच केली."

मी त्याला पाठीत धपाटा घातला आणि झोपायला पाठवलं.

सर तेच म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्याला वर्गाबाहेर उभं केलं आणि मला बोलावणं आलं. मी पिठाच्या हातांनी तशीच गेले. सर शांतपणे म्हणाले, ताई, मुलाला पाठीशी घालू नका, आज तुमची खोटी सही मारली, उद्या कुणाच्या चेकवर मारेल. मी म्हटलं, पेन द्या, इथेच करून दाखवते. त्यांनी दिलं. पण राग आला की पेन माझं ऐकत नाही, आणि त्या वेळी मी रागाने पेटले होते. नाव एकीकडे गेलं, आडनाव खाली घसरलं, जोडाक्षराचा चिखल झाला. सरांनी दोन्ही सह्या शेजारी धरल्या. त्या दोन वेगवेगळ्या बायकांच्या वाटत होत्या. मलाही वाटल्या.

सरांनी कपाटातून पॅड काढला.

मी हात मागे घेतला. परत लिहिते, दम खाऊन लिहिते, असं म्हणणार होते. दारातून मुलगा म्हणाला, "दे ना आई. गणिताचा तास चुकतोय माझा."

मी सहीशेजारी अंगठा दिला. सरांनी सहीवर रेघ मारली, मुलगा वर्गात जायला मोकळा झाला. जाता जाता त्याने खिशातून रुमाल काढला, माझा हात धरून अंगठा हळूहळू पुसला आणि जेवलीस का, असं विचारलं. वर्षभरात तो माझ्याशी इतकं गोड कधी बोलला नव्हता.